बाबा, किल्ली तुमच्याकडेच राहू द्या

फोंडा,
कोजागरीचा दुसरा दिवस, २०२५

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
बायचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र वहिनी तुम्हाला बुधवारी दिवेलागणीनंतर देईल. मीच तिला तसे सांगितले आहे. सकाळी दिले असते तर बाबा ते खिशात घालून पहिल्या बसने डिचोलीला गेले असते, आणि नेमके तेच मला नको आहे. खरे तर समोर बसून बोलायला हवे होते. पण समोर बसले की बाबा गप्प होतात, आई चहा ठेवायला उठते आणि मी न बोलताच फोंड्याला परत येते. चवथीला तीन दिवस राहिले, तिन्ही दिवस विषय ओठांवर होता. दादा गेल्याच्या वर्षानंतरची पहिली चवथ, गणपतीच्या वरच्या माटोळीला नारळाची पेंड बांधायला दादा नव्हता, बाबूने स्टुलावर चढून बांधली. त्या वेळी कोण काय बोलणार होते?

आधी सांगून टाकते. दादाचे डिचोलीचे विम्याचे ऑफिस आम्ही सोडले. शनिवारी मी आणि वहिनीने सगळे आवरले, रविवारी जागेच्या मालकांना किल्ल्या दिल्या. काल सोमवार होता, पण कोजागरीच्या निमित्ताने वहिनीने तुम्हाला घरातून हलू दिले नाही, तेही माझ्याच सांगण्यावरून. तिला काही बोलू नका, बाबा. ती दोन महिने नाही म्हणत होती. मी हट्ट धरला.

तुम्ही सोमवारी आणि गुरुवारी तिथे जाता, शटर अर्धे वर करता, केर काढता, गणपतीच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावता आणि दादाच्या खुर्चीत न बसता समोरच्या, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसता, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. आई थर्मासमध्ये चहा भरून देते ती उगीच नाही. कुणीही तुम्हाला अडवले नाही, कारण तुमच्या त्या दोन तासांना हात लावायचा हक्क कुणालाच नव्हता. माझ्या मनात तो आजही नाही. पण नारळी पौर्णिमेच्या आठवड्यात तुम्ही घरी येऊन आईला सांगितलेत, न्हाणीत पाय घसरला म्हणून. आई, रागावू नकोस. ते न्हाणीत पडले नव्हते. ऑफिसच्या पायरीवर, गटाराच्या त्या शेवाळलेल्या लादीवर पडले होते. शेजारच्या औषधांच्या दुकानातल्या माणसाने मला फोन केला, ‘मास्तर पडले, पण घरी सांगू नका म्हणतात.’ त्या दिवशी शाळेत माझा नववीचा तास होता. मुलांना वाचायला सांगून मी व्हरांड्यात उभी राहिले. एकच मनात आले, दादाच्या वेळीही फोन असाच आला होता.

त्या रविवारबद्दल मी इथे काही लिहीत नाही.

भाड्याचे म्हणाल तर चौदा महिने वहिनीने आपल्या पगारातून भरले आणि आणखीही भरले असते. पण दादाला हे पटले नसते. वापरात नसलेल्या जागेचे भाडे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी, असे तो गिऱ्हाइकांना सांगायचा, मग आपल्याच घराला वेगळे कसे सांगेल? आणि लोकांची कामे अडलेली नाहीत. ऑफिसातल्या मुलाने परीक्षा दिली, त्याची स्वतःची नोंदणी झाली, म्युच्युअल फंडवाले सगळे गिऱ्हाईक त्याच्याकडे गेले, विम्याचे हप्तेही तो बघतो. दर शनिवारी तो आपल्या सोप्यावर येऊन बसेल. दादाचे टेबल तिथेच ठेवायचे आहे. म्हणजे ऑफिस बंद झाले असे नका समजू, बाबा, ते घरी आले.

हे मी पुन्हा पुन्हा लिहिते आहे असे तुम्हाला वाटेल. लिहू द्या. शटर ओढताना मला कसे झाले ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला झोप येणार नाही. दसऱ्याला तुम्ही झेंडूचे तोरण बांधले होते, ते अजून सुकलेही नव्हते. वहिनीने ते दोऱ्यासकट सोडवून पिशवीत घातले आणि घरी तुळशीला वाहिले.

कपाट उघडले तेव्हा सगळ्यात आधी पडले ते तिकिटांचे अर्धुक. विमा कंपनीच्या जुन्या कॅलेंडरात त्याने वर्षावर्षाची फुटबॉलची तिकिटे टाचून ठेवली होती. फातोर्डा, फातोर्डा, फातोर्डा. धेंपो, साळगावकर, चर्चिल, मग एफसी गोवा. सगळ्यात तळाला एक पिवळा पडलेला चतकोर, त्यावर तुमचे अक्षर, बाबा. १९९०, संतोष ट्रॉफी, फायनल. स्टेडियम तेव्हा जेमतेम वर्षाचे होते. तुम्ही दादाला घेऊन गेलात आणि मला नेले नाही म्हणून मी तुळशीपाशी लोळण घेतली, आईने काकवी घातलेले पोहे देऊन उठवले. मी सात वर्षांची होते, पण ती रात्र मला आठवते. गोव्याने केरळला २-० हरवले. तुम्ही दोघे बस बदलत बदलत मध्यरात्री आलात, दादाचा आवाज पार बसला होता. दुसऱ्या दिवशी वर्गात त्याला कविता म्हणता येईना आणि मास्तर तुम्हीच, म्हणून छडीही तुमचीच. तो ते मोठेपणी किती आनंदाने सांगायचा! ‘ज्यांनी मॅच दाखवली त्यांनीच मारले.’

त्या दिवशी तुम्ही दोघे गोलच्या मागे बसला होतात. तिथूनच त्याला गोलकीपर व्हायचे वेड लागले असे मला वाटायचे, पण तो म्हणायचा ते आधीचे आहे, गोव्याचे गोलकीपर ब्रह्मानंद शंखवाळकरांमुळे. १९८३-८४ च्या संतोष ट्रॉफीत गोव्याने एकही गोल न खाता चषक आणला, ही गोष्ट तुम्ही त्याला झोपताना सांगायचात. इतर मुलांना राजा-राणी, आमच्या दादाला ब्रह्मानंद. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा ऑफिसात पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला दादा पेढा देत होता. एक बाई विम्याचे पैसे मिळाल्याचे पेढे समजून रडायला लागली होती.

आणि विमा समजावतानाही तेच. मला तरी दुसऱ्या कुठल्या भाषेत तो कळलाच नसता. मी म्हणायची, नुसता मुदतीचा विमा घेऊन काय उपयोग, मी जगले तर पैसे फुकट. तो म्हणायचा, ‘बाय, गोलकीपर नव्वद मिनिटे उभा असतो. कधीकधी एकही चेंडू त्याच्याकडे येत नाही. म्हणून दुसऱ्या मॅचला त्याला घरी ठेवतात?’ सुरुवातीला, २००१ मध्ये एजन्सी घेतली तेव्हा, पहिली पॉलिसी तुमची, दुसरी मामाची, तिसरी देवळातल्या भटजींची. लोक तोंडावर म्हणायचे, पहिल्या हप्त्यातले तुझे कमिशन आम्हाला परत दे, मग सही करतो. सगळेच देतात. त्याने कधी दिले नाही. कायद्यानेच ते मना आहे म्हणायचा, आणि हातची माणसे जाऊ द्यायचा. आई, तू तेव्हा त्याच्यावर चिडायचीस, दोन पैसे घरी येतील तर येऊ दे म्हणायचीस. तुला दोष देत नाही, दिवसच तसे होते.

बाबा, तुम्ही मला विचारले होते, तेराव्याला एवढे ट्रकवाले कुठून आले? होंड्याचे, पिसुर्ल्याचे, पाळीचे? मी तेव्हा काहीतरी उत्तर दिले. खरे उत्तर कपाटाच्या खालच्या कप्प्यात सापडले. एक जाड हिरवी फाईल. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या आणि आपल्या भागात घरोघरी ट्रक फणसाखाली उभे राहिले, त्या वर्षाची. एकेका ट्रकवाल्याचा एकेक कागद. कर्ज किती, हप्ता किती, मुले कितवीत, बायकोचे दागिने गहाण आहेत की घरात, घरात दुसरे कोण कमावते. खाली दादाने लाल पेनाने लिहिलेले, बँकेत कोणत्या दिवशी बरोबर जायचे. तो त्यांच्याबरोबर बँकेत जाऊन बसायचा, हप्ते पुढे ढकलून घ्यायचा, पॉलिसी मोडायला निघालेल्यांना ती मोडण्याऐवजी पेड-अप करायला, म्हणजे पुढचे हप्ते न भरता कमी रकमेवर चालू ठेवायला लावायचा. त्यात त्याला एक रुपया मिळत नव्हता, उलट त्याचेच गिऱ्हाईक आटले होते. त्या वर्षी आपले घर कसे चालले ते तुम्हा दोघांनाच ठाऊक.

पण त्याच फाइलीत पुढचीही पाने आहेत. खाणी थोड्या सुरू झाल्या तेव्हा त्याने त्याच माणसांच्या मागे लागून सहा महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात ठेवायला लावला. २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने खाणींच्या ८८ लीज रद्द केल्या, मार्चच्या मध्यावर पुन्हा सगळे थांबले. त्या वेळी आधीसारखी रांग त्याच्या ऑफिसबाहेर लागली नाही. रांग लागली नाही, याचा त्याला किती अभिमान होता! मला फोन करून सांगितले होते, आणि मी तेव्हा पेपर तपासत होते, ‘बरं, बरं’ म्हणाले.

मी त्याला किती वेळा ‘बरं, बरं’ म्हणाले असेन, बाबा.

शेवटच्या शनिवारीही त्याचा फोन आला होता. हे मी तुम्हाला आजवर सांगितलेले नाही. माझ्या पीएफवर अजून लग्नाआधीचे नॉमिनेशन आहे, ते बदल, आणि तुझ्या आरोग्य विम्याचे नूतनीकरण जवळ आले आहे, असे त्याला सांगायचे होते. मी म्हटले, दादा, रविवारी बोलू. ऑफिसात त्याची वही मिळाली, त्यात माझ्या नावाचे एक पान आहे. वर ‘बाय’, खाली सहा ओळी, आणि शेवटी, ‘ऐकत नाही. पुन्हा सांगणे.’ मी तिथेच जमिनीवर बसले. वहिनीने पाणी आणून दिले. काल सहाही कामे पूर्ण केली. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, वारसांचा हक्क वेगळा, गोव्यात तर नवरा-बायकोचा अर्धा-अर्धा आधीपासूनच, हे तो जगाला सांगत फिरायचा, आणि सख्ख्या बहिणीचे कागद अपुरे.

तुमचे पान त्या वहीत माझ्या आधी आहे. मला ते पाठच झाले आहे, पण मूळ कागद पत्राबरोबर ठेवते आहे, अक्षर त्याचे आहे म्हणून. तुमच्या पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेच्या तारखा, पेन्शन, आईच्या डोळ्यांच्या तपासणीचा महिना. मग लिहिले आहे, ‘बाबांचा पेपर बंद करू नये. देवळाची वर्गणी बाबांच्याच हातून. आईला चवथीआधी वेगळे पैसे, हिशेब विचारायचा नाही.’ आणि त्याखाली, ‘बाबा मागणार नाहीत. न मागता द्यावे.’

त्यामुळे तुमच्या कुठल्याही गोष्टीत फरक पडणार नाही. पेपर येईल, पोदेर सकाळी पावाचे उंडे टाकून जाईल, नुस्तेवालीचा मासळीचा महिन्याचा हिशेब वहिनी देईल. बचतीचे तीन महिन्यांचे व्याज १ ऑक्टोबरला जमा झाले, मी खाते बघितले. जुलैतला कराचा कागदही मी शिकून घेतला. आई, तुला आठवते, गोव्यात पगार-पेन्शन सोडून बाकीचे उत्पन्न नवरा-बायकोत निम्मे धरतात म्हणून दादाने तुझे पॅन कार्ड काढले होते? तू ते पदराने पुसून देवघरात ठेवलेस. त्यावर पहिल्यांदाच तुझे नाव कुणाची बायको, कुणाची आई असे काही न लावता छापून आले होते. ‘मीसुद्धा आता सरकारला माहीत आहे’ म्हणालीस. दादा पुढे कित्येक वर्षे ते वाक्य गिऱ्हाइकांना सांगायचा. ते कार्ड देवघरातच राहू दे. मी झेरॉक्स घेतली आहे.

आता माझे ऐका, दोघांनीही.

बाबा, बसने एकट्याने डिचोलीला जायचे नाही. विठ्ठलापूरला देवळात जा, नदीकाठी बसा, पण काठी घेऊन. ती काठी कोपऱ्यात शोभेला ठेवलेली नाही. प्रेशरची गोळी सकाळी चहाच्या आधी, ‘आज बरे वाटते’ म्हणून सोडायची नाही. न्हाणीत धरायला दांडी बसवायला माणूस शुक्रवारी येईल, त्याला परत पाठवू नका, पैसे दिले आहेत. नोव्हेंबरात हयातीचा दाखला मी घरी येऊन करून देते, रांगेत उभे राहायचे नाही. फोनवर कुणी आकडा मागितला तर बँकेचा असो की बँकेच्या बापाचा, सांगायचा नाही, फोन ठेवायचा. आई, गुडघ्याला तेल फक्त चोळून भागत नाही, व्यायामही करायचा आहे. आणि संध्याकाळी स्कूटरचा आवाज आला की तू दारात येतेस, ते येत जा. मी त्यावर काही म्हणत नाही. स्कूटर विकलेली नाही, वहिनी शिकते आहे.

कोणती वस्तू कुठे गेली ते सांगते, म्हणजे शोधू नका. टेबल आणि दादाची खुर्ची सोप्यावर. शिट्टी छोटीने घेतली, आणि ती ती घरात वाजवते, एक-दोन दिवस सोसा. हातमोजे मी धुतले नाहीत. जुने, बोटांवर उसवलेले, तसेच कागदात गुंडाळून तुमच्या ट्रंकेत ठेवले आहेत, आईच्या शालूच्या खाली. गणपतीची तसबीर देवघरात. आणि तुमच्या बुशशर्टच्या खिशातली किल्ली, ती तुमच्याकडेच राहू द्या. मालकांनी कुलूप बदलले आहे. म्हणजे ती आता कशालाच लागणार नाही, आणि ती मागायला आता कुणी येणारही नाही. मी हे कितीदा खोडून पुन्हा लिहिले, बाबा. दुसरे शब्द सापडले नाहीत.

एक शेवटचे. पाडव्याला, म्हणजे २२ तारखेला, फातोर्ड्याला अल नास्र येते आहे. सौदीचा क्लब, रोनाल्डोचा. ऑगस्टमध्ये आपल्या एफसी गोवाने ओमानच्या क्लबला हरवून आशियाई क्लबांच्या या स्पर्धेत जागा मिळवली. दादा असता तर एव्हाना आपल्या घरावर झेंडा लागला असता. २०१५ ची इंडियन सुपर लीगची फायनल आठवते ना, सत्त्याऐंशीव्या मिनिटाला २-१ पुढे आणि शेवटी २-३ हार? स्वयंगोलावरून सगळे गोलकीपरला शिव्या देत होते. दादाने घरात कुणाला एक शब्द बोलू दिला नाही. जेवला नाही, पण बोलूही दिले नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला वाडीतल्या पोरांना मैदानावर घेऊन गेला.

बाबू रोज विचारतो, रोनाल्डो येणार का. ते मला माहीत नाही. पण मी तिकिटे काढली आहेत, बाबूचे, माझे आणि तुमचे. नाही म्हणू नका. बस नाही, आमच्या गाडीने जायचे. आता वर छप्पर आहे, पाऊस आला तरी भिजणार नाही. पायऱ्या कमी असलेल्या बाजूने मी नेईन, रात्री उशीर झाला तर फोंड्याला माझ्याकडे झोपायचे, तुमची उशी मी आधीच घेऊन येणार आहे. आई, तुझ्या हातचे सगळ्या तऱ्हेचे पोहे चतुर्दशीला खायचे आणि थोडे ताकातले डब्यात द्यायचे, बाबूला स्टेडियममधले काही चालत नाही म्हणतो, दादासारखाच. मी दुपारी तीनला येते. तयार राहा.

बाबूने एवढेच विचारायला सांगितले आहे, आजोबा मध्ये बसणार की गोलच्या मागे? उत्तर तुम्हीच त्याला द्या.

तुमची,
बाय

ता. क. आई, हे वाचून झाल्यावर त्यांना लगेच काही विचारू नकोस. आधी पेज वाढ, तोराचे लोणचे दे. मग ते आपणहून बोलतील.